बंद झालेली शॉटगन पावडर रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात चालते का?

कृष्णाकाठ, मिरज

नमस्कार मंडळी. इथे माजी सैनिक आहेत, नेमबाजीतली जाणती माणसं आहेत, म्हणून विचारतोय.

माझा चुलतभाऊ अमेरिकेत, ओहायोत असतो. तिकडे स्वतःपुरती काडतुसं घरी भरायला कायद्याने मुभा आहे आणि तो हा छंद रीतसर करतो. त्याच्याकडे .357 मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर आहे. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ वारले. त्यांच्या मुलाने गॅरेज आवरताना पावडरचे, म्हणजे काडतुसात भरायच्या दारूचे, तीन डबे याला देऊन टाकले. एकावर 'हर्क्युलिस ब्लू डॉट', दुसऱ्यावर 'विंचेस्टर 571', तिसऱ्याचं लेबल गळून गेलंय. तिन्ही बारा बोअरच्या शॉटगनची काडतुसं भरायला ठेवलेले होते असं तो मुलगा म्हणाला. 571 तर आता बनतच नाही.

भावाचं म्हणणं असं की जुन्या पुस्तकांत याच पावडरींचे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठीचे आकडे छापलेले आहेत, मग चांगला माल टाकून का द्यायचा? वहिनीला मात्र धास्ती वाटतेय. तिनेच मला फोन करून "तुमच्याकडे कुणी जाणकार असेल तर विचारा" असं सांगितलं. मला यातलं काही कळत नाही. शॉटगनची पावडर रिव्हॉल्व्हरला चालते तरी कशी?

अपशिंगेकर, सातारा

आधी तिसऱ्या डब्याचं सांगतो. लेबल नसलेला डबा भरायच्या टेबलाजवळही न्यायचा नाही. यात चर्चेला जागाच नाही.

मी फौजेत दारूगोळ्याच्या खात्यात होतो, पुलगावच्या डेपोत बरीच वर्षं काढली. तिथे प्रत्येक पेटीला लॉट नंबर असतो. ज्या लॉटचा कागद सापडत नाही तो माल दिसायला कितीही चकचकीत असो, वापरात जात नाही. बाजूला काढतात आणि नष्ट करतात. भावाने घरीसुद्धा हाच नियम पाळावा.

आता तुमचा प्रश्न. शॉटगनची पावडर हँडगनला चालते, आणि पूर्वीपासून वापरात आहे. दोघांनाही झपाट्याने जळणारी पावडर लागते, कारणं मात्र वेगळी. शॉटगनची नळी रुंद, तिच्यात दाब फार चढू द्यायचा नसतो. नेहमीच्या पावणेतीन इंची बारा बोअर काडतुसाची अमेरिकन मर्यादा 11,500 पीएसआय (दाब मोजायचं एकक) आहे. एवढ्या कमी दाबातही पावडर पूर्ण जळायला हवी, म्हणून ती पातळ चकत्यांची किंवा चपट्या बारीक दाण्यांची करतात. रिव्हॉल्व्हरची नळी आखूड, गोळी बाहेर पडायच्या आत पावडर जळून जायला हवी, म्हणून तिथेही जलद पावडर लागते. उसाचं पाचट आणि बाभळीचा बुंधा एकाच काडीने पेटवून बघा, म्हणजे चकतीच्या पातळपणाचं महत्त्व कळेल.

पण .357 मॅग्नमची मर्यादा 35,000 पीएसआय आहे, बारा बोअरच्या तिप्पट. बिनधुराची पावडर दाब वाढला की आणखी जोरात जळते, आणि जोरात जळली की दाब आणखी वाढतो. म्हणून शॉटगनमधला अनुभव घेऊन रिव्हॉल्व्हरचा अंदाज बांधता येत नाही. बारा बोअरमध्ये शहाण्यासारखी वागणारी पावडर पितळी पुंगळीत (काडतुसाच्या कवचात), जड गोळीच्या मागे, कशी वागेल ते फक्त त्या काडतुसावर केलेल्या चाचणीवरून कळतं.

सह्याद्री_भटक्या, कराड

काका, माहिती छान. पण 571 बाबत एवढं घाबरायचं कारण नाही असं मला वाटतं. विंचेस्टर 571 आणि हॉजडन कंपनीची एचएस-7 ही एकच पावडर, दोन नावांनी विकली जायची. तशीच 540 म्हणजे एचएस-6. मी परदेशात असताना तिथल्या क्लबमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. मग 571 चे आकडे नाही सापडले तर एचएस-7 चे घ्यायचे. दोन्हींची माहिती छापील आहे.

अपशिंगेकर, सातारा

भटक्या, तुमची माहिती बरोबर आहे. 571 आणि एचएस-7 एकच, 540 आणि एचएस-6 एकच. 231 आणि एचपी-38, 296 आणि एच-110 याही तशाच जोड्या. पण ही जोडी लावण्याचं काम ज्याने पावडर बनवली त्याने करायचं असतं. नाहीतर आज 571 ला एचएस-7 म्हणणारा माणूस उद्या "नंबर जवळचाच आहे" म्हणून एचएस-6 चे आकडे लावतो. ती वेगळी पावडर आहे, एचएस-7 पेक्षा जलद.

दुसरी बाब जुन्या पुस्तकांची. पूर्वी दाब मोजायला तांब्याचा छोटा नळकांडा वापरत. काडतूस उडालं की तो किती चेपला यावरून दाब काढायचा. त्या आकड्याला सीयूपी म्हणतात. पुढे पीझो विद्युत सेन्सर आले. दाबाचा जो कळस सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात येऊन जातो तो तांब्याला नीट पकडता येत नसे, सेन्सरला दिसायला लागला. त्यामुळे काही जुने 'जास्तीत जास्त' आकडे नंतर खाली आणावे लागले. सीयूपी आणि पीएसआय एकमेकांत बदलायचं सर्वत्र लागू पडेल असं सूत्र नाही. पुस्तक जुनं आहे म्हणजे सिद्ध झालेलं आहे, असं धरून चालू नका.

ब्लू डॉटचंच उदाहरण घ्या. ही पावडर जड मॅग्नम शॉटगन काडतुसांसाठी काढली आणि हँडगनवाल्यांनी उचलली. जुन्या पुस्तकांत .357 मॅग्नमसाठी तिचे आकडे आहेत. 2008 साली तिच्या उत्पादकाने, म्हणजे अलायंटने, स्वतः सूचना काढली: .357 मॅग्नममध्ये 125 ग्रेन वजनाच्या गोळीमागे ब्लू डॉट वापरू नये, आणि .41 मॅग्नममध्ये कुठल्याही वजनाच्या गोळीमागे वापरू नये. कृष्णाकाठ, तुमच्या भावाचं रिव्हॉल्व्हर नेमकं .357 आहे. त्याच्या हातात 2008 च्या आधीचं पुस्तक असेल तर त्यात ही सूचना असणारच नाही. आज रात्रीच फोन करा.

आणि डब्यावर 'हर्क्युलिस' असेल तर तो तीस वर्षांहून जुना आहे. हर्क्युलिसचा पावडरचा धंदा 1995 मध्ये अलायंटकडे गेला, त्यानंतरच्या डब्यांवर अलायंटचं नाव येतं.

कृष्णाकाठ, मिरज

फोन केला. त्याच्याकडचं पुस्तक 1980 च्या दशकातलं आहे आणि 125 ग्रेनच्याच गोळ्या आणून ठेवल्यात. अजून काही भरलेलं नाही. तुमच्या पोस्टचा फोटो पाठवलाय.

वाईचा_रसायनवाला, वाई

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. पावडरच्या वयाबद्दल लिहितो, कारण ही बाजू अजून कुणी मांडलेली नाही.

काळी दारू आणि बिनधुराची पावडर यांचं म्हातारपण सारखं नसतं. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण. कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटेल. बिनधुराच्या पावडरचा पाया नायट्रोसेल्युलोज. 1884 साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी तिला बंदुकीत वापरण्याजोगं रूप दिलं. ब्लू डॉटसारख्या पावडरींत नायट्रोग्लिसरीनही असतं. हे रेणू मुळात अस्थिर. बंद डब्यात, कुणी हात न लावता, ते हळूहळू विघटित होत राहतात आणि नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात. त्यांच्यापासून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवतं. हे चक्र रोखायला कारखान्यात डायफेनिलअमाइनसारखं स्थिरक घालतात. ते हे ऑक्साइड टिपत राहतं आणि स्वतः खर्ची पडतं. संपलं की पावडरला राखणदार उरत नाही.

उष्णता हा मोठा शत्रू. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा विघटनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पत्र्याच्या गॅरेजमध्ये उन्हाळे काढलेला डबा आणि थंड तळघरात ठेवलेला डबा यांचं छापील वय एकच असलं तरी खरं वय वेगळं असतं.

भावाने झाकण उघडावं ते मोकळ्या हवेत, जवळ ज्योत किंवा सिगारेट नसताना. नाक डब्यात घालायचं नाही, हाताने वारा घेऊन वास घ्यायचा. चांगल्या पावडरला ईथर किंवा स्पिरिटसारखा हलका वास येतो. बिघडलेलीचा वास नाकाला झोंबतो, आंबूस, आम्लासारखा. मग झाकणाची आतली बाजू बघायची. पावडर टेकलेल्या जागी गंज धरलाय का? दाण्यांवर विटकरी रंगाची बारीक धूळ दिसते का? थोडी पावडर कोऱ्या कागदावर ओतली की ती धूळ मागे राहते. यातलं एक लक्षण दिसलं तरी डबा बाद. बाहेरचं लेबल कितीही कोरं करकरीत असो.

आणि एक लक्षात घ्या, वास चांगला आला म्हणजे पावडर उत्तम आहे असं सिद्ध होत नाही. उघड उघड बिघडलेली नाही, एवढंच कळतं. स्थिरक किती उरलंय ते प्रयोगशाळेतच मोजता येतं.

सह्याद्री_भटक्या, कराड

सर, फार चांगलं समजावलंत. एक शंका. बिघडलेली पावडर कमजोर होते असं ऐकलंय. मग काडतूस हळू उडेल एवढंच ना? यात धोका कसला?

वाईचा_रसायनवाला, वाई

सरासरी ताकद कमी होते हे खरं. पण दाण्यांच्या पृष्ठभागावर जलद जळण्याला आवर घालणारा लेप असतो. दाणा बिघडला, भुगा झाला, की तो आवर सुटतो आणि पृष्ठभाग वाढतो. एक काडतूस फुसकं निघेल, त्याच डब्यातलं दुसरं भलतंच जोरात. शिवाय साठवणीतला धोका आहेच. विघटन उष्णता देतं, आणि साठा मोठा असेल तर तो आपोआप पेट घेऊ शकतो.

अपशिंगेकर, सातारा

फुसक्या काडतुसाला तर मी जास्त भितो. गोळी नळीत अडकते, आवाज हलका येतो, नेमबाज वैतागून पुन्हा चाप ओढतो. मागून आलेल्या गोळीला बाहेर जायला वाट नाही, नळी फुगते नाहीतर फाटते. आवाज वेगळा आला की थांबायचं, काडतुसं काढायची, नळीतून उजेड बघायचा.

डबल भरण्याबद्दलही सांगतो. .357 ज्यावरून निघालं त्या .38 स्पेशलची पुंगळी 1898 सालची, काळ्या दारूच्या जमान्यातली, म्हणून आतून ऐसपैस. .357 ची त्याहून जराशी लांब. जलद शॉटगन पावडर त्यात एवढीशी लागते की तळाला पसरून राहते. चुकून दोनदा पडली तरी पुंगळी ओसंडत नाही आणि वरून गोळी आरामात बसते. म्हणून भरलेल्या पुंगळ्या ओळीने मांडून, वरून बॅटरीचा झोत टाकून, सगळ्यांची पातळी बघितल्याशिवाय गोळी बसवायची नाही. या कामाला घाई, गप्पा, टीव्ही काहीच चालत नाही.

शॉटगनची भरणारी यंत्रं पावडर आकारमानाने मोजतात. त्यांच्या साच्यातून मोजलेली पावडर रिव्हॉल्व्हरला वापरू नये. ग्रेन हे वजन आहे, एका पौंडात 7,000 ग्रेन बसतात. म्हणजे एका ग्रेनचा दहावा भाग साधारण साडेसहा मिलिग्रॅम. रिव्हॉल्व्हरमध्ये तेवढ्यानेही फरक पडतो, आणि तो काट्यावरच दिसतो.

बंदूकप्रेमी_77

काका एवढं सगळं सांगितलंत, तर .357 मध्ये 571 किती ग्रेन टाकायची तेही सांगून टाका की. विषय संपेल.

अपशिंगेकर, सातारा

नाही सांगणार. आकडा गोळीचं वजन, ती किती खोल बसवली, टोपी (पावडर पेटवणारी तळाची टिकली) कुठल्या जातीची, पुंगळी कुणाची, यांच्याशी बांधलेला असतो. साध्या टोपीच्या जागी मॅग्नम टोपी लावली तरी दाब बदलतो. इथे लिहिलेला आकडा यातलं काहीच सोबत नेत नाही. कुणीतरी तो वहीत उतरवून घेईल आणि वर्षाने दुसऱ्याच गोळीला लावेल. आकडा घ्यायचा तो पावडर बनवणाऱ्याच्या छापील तक्त्यातून, आणि तक्त्यातल्या सगळ्या वस्तू जशाच्या तशा घेऊन.

निशाणा_गर्ल, सांगली

मी 25 मीटर पिस्तूल शिकतेय. राही सरनोबत ताईंना बघून या खेळात आले, त्या आमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या. काडतुसांचा खर्च झेपत नाही म्हणून हा धागा आवर्जून वाचला. रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरल्या तर पैसे वाचतील का? दादांचे भाऊ भारतात येताना थोडी पावडर आणू शकतील का?

वाळवा_वकील, वाळवा

ताई, दोन्हींचं उत्तर ठाम नाही असं आहे. हे नीट समजून घ्या.

पावडर विमानात नेता येत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि खाली टाकायच्या बॅगेतही नाही. आणि आपल्याकडे शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे. काडतुसाचे सुटे भागही 'दारूगोळा' या व्याख्येत येतात. कलम 25 ची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. बंदुकीचा परवाना असणं म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना असणं नव्हे. माझ्याकडे येणाऱ्या अशिलांपैकी अनेकांचा इथेच गोंधळ होतो. ओहायोतल्या भावाला जे चालतं ते सांगलीत चालत नाही.

अपशिंगेकर, सातारा

बाळा, शिवाय तू .22 चं काडतूस वापरत असशील. ते रिमफायर. त्यात वेगळी टोपी नसते, पेटणारं रसायन पुंगळीच्या कडेच्या घडीत भरलेलं असतं आणि एकदा उडालं की ती कड चेपते. ते पुन्हा भरण्यासारखं नसतंच. खर्च कमी करायचा तर ड्राय फायर (काडतुसाशिवाय चाप ओढणं) आणि एअर पिस्तुलाचा सराव वाढव. चाप ओढताना हात स्थिर ठेवायला त्याने नक्की फायदा होतो. काडतुसं नेमबाजी संघटनेच्या मार्गाने मिळव, प्रशिक्षकांना विचार. तुझं लक्ष्य मोठं आहे, त्याला असल्या जोखमीची जोड नको.

कृष्णाकाठ, मिरज

भावाने झाकणं उघडून बघितली. 571 च्या झाकणाला आतून गंज आहे आणि कागदावर तांबूस धूळ राहिली. ब्लू डॉट कोरडी, वास सौम्य, निळ्या चकत्या दिसतात. 571 आणि बिनलेबलाचा डबा तिथल्या अग्निशमन केंद्राशी बोलून त्यांच्याकडे द्यायचं ठरलंय. ब्लू डॉटचं काय करावं?

अपशिंगेकर, सातारा

निळ्या चकत्या ही ओळखीची खूण, पण डब्यात मध्ये कुणी दुसरी पावडर मिसळली नाही याची ती हमी देत नाही. डबा आधीच फोडलेला होता का? असेल तर मी असतो तर तोही त्यांच्याबरोबर देऊन टाकला असता. नवा डबा घेण्याइतके पैसे भाऊ कमावतो, बोटं आणि डोळे नव्याने मिळत नाहीत.

कृष्णाकाठ, मिरज

फोडलेला होता. वहिनी म्हणाली तिन्ही जातील. भाऊही तयार झाला. सगळ्यांचे मनापासून आभार.

कोयनाखोरं, पाटण

मंडळी, माझा प्रश्न जरा गावाकडचा. आमच्याकडं रानडुकरांचा लई त्रास, वडलांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा बारा बोअरचा परवाना होता. वडील गेले. घरात बंदूक आहे, शिवाय जुनी कागदी काडतुसं पाच-पन्नास, पावसाळ्यात फुगल्यात. माळ्यावर आज्ज्याच्या ठासणीच्या बंदुकीची दारू पण एका तांब्याच्या भांड्यात हाय. चुलता म्हणतो ती काडतुसं फोडून त्यातली पावडर ठासणीच्या बंदुकीला वापरू.

अपशिंगेकर, सातारा

दादा, चुलत्यांना आत्ताच्या आत्ता थांबवा. ठासणीची बंदूक काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेली असते. त्यात काडतुसातली बिनधुराची पावडर तितक्याच मापाने भरली तर नळी नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याजवळ फुटू शकते. या संपूर्ण धाग्यातली सगळ्यात जीवघेणी गोष्ट हीच आहे. फुगलेलं काडतूसही चेंबरमध्ये ठोकून बसवायचं नाही. ती फोडू नका, वाळत घालू नका, चुलीजवळ नेऊ नका.

वाळवा_वकील, वाळवा

परवानाधारक वारला की ते हत्यार आणि काडतुसं कलम 21 प्रमाणे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. जमा केल्याची पावती घ्या. नंतर वारस म्हणून तुमच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो, शस्त्र नियम 2016 मध्ये वारसांसाठी तशी तरतूद आहे. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, सोबत मृत्यूदाखला, मूळ परवाना आणि बाकी वारसांचं संमतीपत्र ठेवा.

कोयनाखोरं, पाटण

मग उद्याच्या एसटीनं सगळं पिशवीत घालून पाटणला घेऊन जाऊ का?

अपशिंगेकर, सातारा

नाही. एसटीत नाही आणि मोटारसायकलच्या डिकीतही नाही. घरातच असू द्या, भांड्याला कुणी हात लावू नका, त्या खोलीत विडी-काडी नको, पोरांना लांब ठेवा. सकाळी पोलीस ठाण्याला फोन करून तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगा: बंदूक, फुगलेली काडतुसं, सुटी दारू. बंदूक कशी आणायची ते तेच सांगतील. दारूसाठी ते बॉम्बशोधक पथकालाही बोलावू शकतात.